उचललेलं ताट

तारीख : फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. दुपार, बाहेर कडक ऊन.

ठिकाण : नांदेड, लातूर फाट्याच्या पुढे नव्याने उघडलेलं एक रेस्टॉरंट. नाव देत नाही. त्या लोकांनी आम्हाला मदतच केली, उगाच त्यांच्या धंद्यामागे काही लागायला नको.

हजर : मी. माझे मिस्टर राजशेखर. आमची मुलगी श्रद्धा... पार्टी तिच्याच पहिल्या पगाराची. माझी नणंद जयश्रीअक्का आणि तिचे मिस्टर, ज्यांना आम्ही सगळेच दाजी म्हणतो. हे दोघे नांदेडचेच. आणि मामा, म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या पुढे.

मी लातूरला एका डाळमिलच्या ऑफिसात काम करते. माल कुठे निघाला, कधी पोचला, कोणाची सही झाली — दिवस यातच जातो. भुताखेतांसाठी मला कधी वेळ मिळाला नाही. शिवाय आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की लिंगैक्य झाला, शिवात मिळाला... संपला विषय. श्राद्ध नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. परत यायची सोयच आमच्या लोकांनी ठेवलेली नाही. या सदरातले अनुभव मी चहासोबत वाचायचे आणि मनात म्हणायचे, याला झोप कमी पडली असेल. आता माझीच पाळी आली आहे, तर जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. तुम्हीही मला तेच म्हणालात तरी राग नाही.

पण मामांबद्दल दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात.

पहिली, त्यांची शुगर. जेवणाआधी इन्सुलिनची सुई घ्यावी लागते आणि सुई घेतली की लगेच जेवावंच लागतं. दिवाळीत एकदा सुई दिल्यावर पाहुणे आले, बोलण्यात जेवण लांबलं आणि मामा सोफ्यावरच आडवे झाले. घामाने अंग थंडगार, हाक मारली तर ओ नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत आमचा जीव आमच्यात नव्हता. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर केला असता तर मी काही करू शकलो नसतो. तेव्हापासून सुई माझ्याच हातात असते. पर्समध्ये सुई, शुगर तपासायचं मशीन आणि ग्लुकोजची पुडी... मोबाईल एकवेळ विसरेन, हे नाही.

दुसरी गोष्ट, त्यांची जेवायची रीत. ताट वाढून झालं की मामा गळ्यातल्या चांदीच्या डबीवर हात ठेवतात, डोळे मिटतात आणि समोरचं अन्न त्या डबीतल्या इष्टलिंगाला दाखवतात. चांगला वेळ लागतो त्याला. एकदा दाखवलं की ते अन्न राहत नाही, प्रसाद होतो. मग त्यातलं शीतसुद्धा टाकायचं नाही. जेवण झालं की ताटात पाणी घालून ते ताट बोटांनी धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. मामांनी हे लग्नाच्या मांडवातही सोडलं नाही.

तर रविवारी आम्ही लातूरहून गाडीने निघालो. रेस्टॉरंट श्रद्धाने निवडलं होतं, रील बघून. खाली शाकाहारी फॅमिली हॉल, वरच्या मजल्यावर लाउंज बार. भिंतीभर प्लास्टिकचे वेल, खुर्च्यांच्या जागी दोन-चार टेबलांना झोपाळे. मेनूकार्ड नाहीच, टेबलावर चिकटवलेला काळा-पांढरा चौकोन.

मामा म्हणाले, "हे काय हाय?"

"अज्जा, हे मोबाईलने स्कॅन करायचं. मग मेनू दिसतो."

"आन् ज्याच्याकडं मोबाईल न्हाई त्यानं उपाशी ऱ्हायचं?"

दाजी म्हणाले, "अप्पा, इथं उपाशीच ऱ्हातेत लोकं. फोटो काढतेत आन् घरी जाऊन वरणभात खातेत."

"तुम्ही गप्प बसा हो," अक्का म्हणाली. "पोरगी हौसेनं घेऊन आलीय."

"मी कुठं नको म्हणून राहिलो? बिल ती देणार आसंल तर मी झोपाळ्यावर बी बसतो."

असं आमचं चाललं होतं. मामांसाठी साधं मागवलं : दाल, जिरा राईस, रोटी. त्यांचं ताट सगळ्यांच्या आधी आलं. मी सुई दिली, वेटरने वाढलं, मामांनी डबीवर हात ठेवून डोळे मिटले. म्हणजे सगळं बरोबर चाललं होतं. मग श्रद्धाने बाकीच्यांना फोटोसाठी उठवलं. कोपऱ्यात भिंतीवर मोठे पंख काढलेले आहेत, त्यांच्यासमोर उभं राहायचं. मी केक बिनअंड्याचा आहे ना, ते विचारायला काउंटरवर गेले. सगळे त्याच हॉलमध्ये, हाकेच्या अंतरावर. दाजी पंखांसमोर उभे राहिले तेव्हा अक्का एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

परत आलो तर मामांची खुर्ची रिकामी. आणि ताटही नाही.

पहिल्यांदा वाटलं, हात धुवायला गेले. मिस्टर बेसिनकडे जाऊन आले. नाहीत. दाजी टॉयलेटमध्ये बघून आले. तिथेही नाहीत. मी वेटरला विचारलं. तिशीतला माणूस, धर्माबादकडचा.

"इथलं ताट कुठे गेलं?"

"मी उचललं की मॅडम. साहेबांचं झालं होतं ना."

"झालं होतं? अहो, आत्ता तर वाढलं!"

"काटा-चमचा शेजारी शेजारी ठेवला होता ताटात. तसं ठेवलं की झालं म्हणून समजायचं, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलंय. ताटात अन्न होतं, पण इथं लोक तसंच टाकून जातात. आन् साहेबांचे डोळे मिटलेले. मला वाटलं जेवून डुलकी लागली..."

माझ्या लक्षात आलं. मामा हाताने जेवतात. काटा-चमचा मध्ये नको म्हणून त्यांनी तो उचलून ताटाच्या कडेला नीट ठेवून दिला असणार. डोळे उघडले तेव्हा ताट जागेवर नाही. आणि अन्न दाखवून झालेलं, म्हणजे प्रसाद! तो कोणी खरकट्यात ओतणार म्हटल्यावर मामा बसून राहतील? ते ताटामागे उठून गेले.

म्हणजे पोटात घास नाही आणि अंगात पूर्ण सुई.

मी मोठ्याने एवढंच म्हणाले, "मामा जेवले नाहीत." पुढचं कोणाला सांगायची गरज पडली नाही. दिवाळी सगळ्यांना आठवत होती. 

अशा वेळी माझं डोकं थंड होतं, रडू नंतर येतं. मी कामं वाटली. मिस्टर गाडी घेऊन बसस्टँडच्या रस्त्याने, कारण मामा चिडले की एस.टी.ने लातूरला परत निघतात, आधी तसं केलेलं आहे. दाजी एकाची मोटरसायकल मागून कंधारच्या रस्त्याला. अक्का पार्किंग आणि मागचं अंगण. मी किचन. श्रद्धा मॅनेजरकडे, सीसीटीव्हीसाठी.

किचनमध्ये कोणी त्यांना पाहिलं नव्हतं. ताटातलं खरकट्याच्या डब्यात गेलेलं होतं. मी स्टोअररूम पाहिली, गॅसच्या टाक्यांची जागा पाहिली, फ्रीजरचं दारसुद्धा उघडून पाहिलं. अक्का अंगणातून परत आली ती रडतच.

"वहिनी, रस्त्यावर किती ट्रक हायेत गं... अप्पाला रस्ता वलांडता येत न्हाई."

"अक्का, रडू नका. टपऱ्यांवर विचारलं का? जा, विचारून या."

मिस्टरांचा फोन आला, स्टँडवर नाहीत. दाजींचा आला, रस्त्याने कोणी पाहिलं नाही. प्रत्येक फोनला वेळ पुढे चालला होता आणि ग्लुकोजची पुडी माझ्या मुठीत दाबून दाबून चुरगळली होती. दिवाळीत ते एवढा वेळही टिकले नव्हते.

सीसीटीव्हीचा पासवर्ड मालकाकडे, मालक हैदराबादला, फोन उचलेना. शेवटी उचलला. मॅनेजर, श्रद्धा, मी आणि तो वेटर, असे आम्ही स्क्रीनपुढे उभे राहिलो.

मामा दिसले. डोळे उघडले, टेबलाकडे बघितलं, टेबलाखाली बघितलं. मग काठी घेऊन उठले आणि वेटर गेला त्या बाजूला निघाले. किचनच्या अलीकडे जिना आहे, वर लाउंजला जातो. जिन्यापाशी मामा थांबले. वर बघितलं. कोणी काही बोलत असावं आणि ते ऐकत असावेत, तशी मान हलवली. मग काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला... एखाद्याने आधाराला हात दिला की आपण करतो तसा. आणि जिना चढून गेले.

स्क्रीनवर दुसरं कोणी नव्हतं.

इथे एक सांगते. मामांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. घरी आम्ही त्यांची खोली खाली आणली आहे. दोन पायऱ्या चढायला एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने मिस्टर लागतो. तो माणूस स्क्रीनवर एकेक पायरी आरामात चढत होता, हात तसाच पुढे धरून.

"वरचा कॅमेरा?" मी विचारलं.

"बंद असतो मॅडम. लाउंज संध्याकाळीच उघडतो. आत्ता कुलूप आहे, आजोबा आत जाऊच शकत नाहीत. वर पॅसेजमध्ये बसले असतील."

आम्ही धावलो. पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. समोर काळ्या काचेचं दार आणि त्याला बाहेरून कुलूप. मी काच बडवली, हाका मारल्या. मॅनेजर म्हणाला, "टेन्शन नका घेऊ मॅडम, इथे नसणारच," पण त्याचाच आवाज बारीक झाला होता. तो खाली जाऊन ड्रॉवरमधून चावी घेऊन आला. कुलूप निघायला वेळ लागला. मी मनाशी ठरवून टाकलं की आत जमिनीवर काय दिसेल. ते दिसलं की आधी काय करायचं, तेही ठरवलं.

दार उघडलं.

खिडकीजवळच्या टेबलाशी मामा बसले होते. काउंटरवर उलटे टांगलेले ग्लास, मागे बाटल्यांच्या रांगा आणि आयुष्यात कधी दारूच्या दुकानाच्या बाजूने चालला नाही असा हा माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, मांडीवर रुमाल पसरून, निवांत.

"आलात का?" ते म्हणाले. "कवाची वाट बघून राहिलो."

मी आधी मशीन काढलं. बोलणं नंतर. बोटाला टोचलं, पट्टी लावली.  आकडा आला. एकशे अडुसष्ट.

ज्यांना शुगर नाही त्यांच्यासाठी सांगते : उपाशी पोटी एवढी सुई घेतलेल्या माणसाचा आकडा तेव्हा पन्नासच्या खाली असायला हवा होता. मी दुसऱ्या बोटाला टोचून परत पाहिलं. तेवढाच. हा जेवलेल्या माणसाचा आकडा होता. चांगलं पोटभर जेवलेल्या माणसाचा.

मी तिथेच खुर्चीवर बसले आणि मग मात्र रडले. श्रद्धा मामांच्या गळ्यात पडली. मामा तिच्या पाठीवर थोपटत मला म्हणाले, "काय झालं गं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं मामा. तुम्ही जेवलात का?"

"जेवलो की. लई दिवसांनी असं जेवलो."

"काय जेवलात?"

"भाकर. येसराची आमटी." मग जरा आवाज उतरवून, "आन् हुग्गी."

येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. आणि हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, गूळ घालून केलेली. मामांना ती बंद आहे, मीच बंद केली आहे.

"हुग्गी कोणी दिली?"

"त्या बाईनं. मी म्हणलं, आमची सून रागावती. ती म्हणली, आज खावाच लागंल. उगं दोन पळ्या वाढली."

श्रद्धाने माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात जे आलं तेच माझ्याही. सासूबाईंची हुग्गी आमच्या सगळ्या भावकीत प्रसिद्ध होती, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. श्रद्धाने हळूच विचारलं, "अज्जा... आज्जी होती का?"

मामा तिच्याकडे असे बघायला लागले की जणू तिला वेड लागलंय. "तुझी आज्जी कशाला आसंल? तुझ्या आज्जीला मी वळखत न्हाई का? ही काळी-सावळी, उंच बाई. कधी बघितली बी न्हाई. जिन्यात म्हणली, तुमचं ताट वर हाय, चला. हात धरून मला वर आणली. समोर बसून ती बी जेवली, उगं चार घास. मला म्हणली, निवांत होऊ द्या, कुणी उचलत न्हाई."

तेव्हा मी टेबलाकडे नीट बघितलं. लाउंजच्या काळ्या प्लेट काउंटरमागे रचून ठेवलेल्या असतात. त्यातल्या दोन टेबलावर होत्या. एक मामांच्या पुढे, एक समोरच्या जागी. दोन्ही धुऊन प्यायलेल्या... कडेला पाण्याचा ओलसर गोल, आत शीतही नाही. ही रीत घरातल्या नव्या पोरांनाही माहीत नाही, हॉटेलातल्या कोणाला कुठून असणार? समोरची खुर्ची मागे सरकवलेली होती.

मामांचा उजवा हात मी हुंगला. गूळ आणि तूप.

मिस्टर आणि दाजी परत आले, अक्का टपऱ्यांवरून आली. मिस्टर वडिलांच्या पायाशी बसले. अक्काने हसत-रडत मामांना एक शिवी दिली, जी इथे लिहिता येणार नाही. वातावरण हलकं करावं म्हणून दाजी म्हणाले, "अप्पा, आम्ही उन्हात बोंबलत फिरून राहिलो आन् तुम्ही बारमध्ये बसून राहिलात?" मामांनी पहिल्यांदाच बाटल्यांकडे बघितलं. "हे बार हाय?" आणि लगेच उठायला लागले. उठवेना. दोन्ही बाजूंनी आम्हाला धरावं लागलं आणि तो जिना उतरताना एकेका पायरीवर थांबावं लागलं.

बाकीची चौकशी मी त्याच दुपारी केली, कारण अशी कामं दुसऱ्या दिवशीवर टाकली की राहतात. लाउंजला दुसरं दार नाही, खिडक्या न उघडणाऱ्या, पक्क्या काचेच्या. चावी एकच आणि ती ड्रॉवरमध्ये होती. रेस्टॉरंटमध्ये दोन बायका कामाला, दोघींना बोलावलं. मामांनी बघितलं आणि मान हलवली, "ह्या न्हाईत." शेफला भाकरीचं विचारलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे ज्वारीचं पीठच येत नाही मॅडम. मिलेटचा पिझ्झा बेस आहे, पण तो फ्रोझन." जागेचा काही जुना इतिहास आहे का, तेही दाजींनी नंतर काढलं. तिथे आधी रिकामा प्लॉट होता आणि त्याआधी शेत. कोणी मेलं नाही, काही घडलं नाही. वेटर बिचारा पुनःपुन्हा माफी मागत होता. मामाच त्याला म्हणाले, "तुझं काय चुकलं? चमचा मीच ठेवला."

लातूरला आल्यावर डॉक्टरांना दाखवलं. त्यांना फक्त आकडे सांगितले आणि गोड खाल्ल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "त्या वेळी गोड पोटात गेलं हेच बरं झालं. नाहीतर आज तुम्ही इथे आला नसता." बाईचं मी त्यांना सांगितलं नाही.

मिस्टरांचं म्हणणं, अप्पा कुठेतरी काहीतरी खाऊन आले असतील आणि दार कोणीतरी न बघता लावलं असेल. कुठे, काय, कोणी... एवढं विचारलं की ते उठून बाहेर जातात. श्रद्धाला अजून वाटतं ती आज्जीच. मला काही वाटत नाही. मला एवढंच माहीत आहे की मामा आत्ता बाहेरच्या खोलीत पेपर वाचताहेत, मधूनमधून बातमीला शिव्या देताहेत आणि त्यांचा आवाज भिंतीपलीकडून येतो तेव्हा मला बरं वाटतं. हे कसं झालं, ते मला सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर जरूर लिहा.

एक काम मात्र माझ्याकडे आहे. घरी पोचल्या पोचल्या मामांनी मला हाक मारली होती.

"त्या बाईला काही दिलं का?"

"कोणाला मामा?"

"आगं, आपल्या पोरीच्या जेवणाला येऊन वाढून गेली बाई. तिला रिकाम्या हातानं घालवली का तुम्ही?"

दुसऱ्या आठवड्यात ते मला गंजगोलाईतल्या दुकानात घेऊन गेले. स्वतः गादीवर बसून, दुकानदाराला वैताग येईपर्यंत साड्या उलगडायला लावल्या आणि एक हिरवी इरकल बाजूला काढली. "हीच. तिच्या अंगावरची पार विटली होती." सोबत खण आणि नारळही घेतला.

नारळ मी मध्ये एकदा बदलला. साडी आणि खण कपाटात आहेत. मामा दर सोमवारी पूजा झाली की विचारतात, "दिली का?" मी म्हणते, "देते मामा." अजून द्यायची राहिली आहे.